प्राणी-गुप्तहेराची पहिली गोष्ट : मुलांसाठी विनोदी सचित्र रहस्यकथा कशी रचावी

मुलांसाठी प्राणी-गुप्तहेराची विनोदी रहस्यकथा लिहू पाहणारे बहुतेक नवोदित लेखक एकाच जागेपासून सुरुवात करतात. ते एका कुत्र्याच्या डोक्यावर टोपी चढवतात, त्याच्या पंजात भिंग देतात, त्याचे गमतीदार नाव ठेवतात आणि मग चोरी कशाची करावी याचा विचार करू लागतात. अशा कथेतला कुत्रा काढून त्याच्या जागी तिसरीत शिकणारा एखादा बंडू उभा केला, तरी कथेत काहीही बदलत नाही, आणि ती फसते ती नेमकी तिथेच. तपासाची रीत त्या प्राण्याच्या शरीरातून निघाली पाहिजे, विनोद त्याच शरीराच्या मर्यादांतून निघाला पाहिजे, आणि गुन्ह्याची उकल करणारा खरा पुरावा मजकुराआधी चित्रात दिसला पाहिजे, या तीन अटी पाळल्या तर साध्यासुध्या चोरीचीही चांगली कथा होते. पुढील पायऱ्या समजणे सोपे जावे म्हणून नागपुरातील महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात घडणारी एक कथा आपण सोबतच बांधत जाऊ.

प्राणी आधी, गुन्हा नंतर

पहिल्या कथेसाठी सिंह, पांडा किंवा पेंग्विन निवडू नये. आपण रोज पाहतो तेच प्राणी घ्यावेत, कारण त्यांच्या सवयी आपल्याला ठाऊक असतात आणि वाचणाऱ्या मुलालाही त्या पडताळून पाहता येतात. नागपुरात या बाबतीत तोटा नाही. गल्लीतले कुत्रे, कौलांवरचे मांजर, कडुनिंबावरची खार, भिंतीवरची पाल, झाडाच्या ढोलीतला पिंगळा, म्हणजे छोटे घुबड, आणि गच्च्यांवरून टोळीने जाणारी वानरे इतकी पात्रे घराबाहेर न पडताही मिळतात. मुंगूस हवे असेल तर सेमिनरी हिल्सच्या किंवा अंबाझरीच्या झाडीच्या बाजूला सकाळी लवकर जावे. चित्र काढणाऱ्याने मध्यवर्ती संग्रहालयातील, म्हणजे आपल्या अजब बंगल्यातील, प्राण्यांचे दालन अवश्य पाहावे. १८६३ साली सुरू झालेल्या या संग्रहालयातले पेंढा भरलेले प्राणी हलत नाहीत, त्यामुळे पंज्यांची ठेवण, कानांची जागा आणि चोचीचा बाक निवांतपणे कागदावर उतरवता येतो. चालणे, बसणे, आळस देणे यांसाठी मात्र जिवंत प्राणीच पाहावा लागतो, आणि त्यासाठी महाराजबाग प्राणिसंग्रहालयात एक सकाळ घालवली तरी वहीची बरीच पाने भरतात.

निवडलेल्या प्रत्येक प्राण्यासाठी वहीचे एक पान ठेवावे. एका बाजूला त्याला काय जमते ते लिहावे आणि दुसऱ्या बाजूला काय जमत नाही ते लिहावे. नवोदित लेखक पहिली बाजू भरभरून लिहितो आणि दुसरी कोरी ठेवतो, पण कथा दुसऱ्या बाजूतूनच मिळते. कुत्र्याचे नाक माणसाच्या नाकापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण असते हे सगळ्यांनाच माहीत असते. मात्र धापा टाकणाऱ्या कुत्र्याला वास नीट घेता येत नाही, कारण शरीर थंड ठेवण्यासाठी त्याला तोंड उघडून भराभर श्वास सोडावा लागतो आणि तेवढा वेळ हुंगणे मागे पडते. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या शहरातल्या श्वान-गुप्तहेराची ही केवढी मोठी अडचण आहे! नाक चालू करायचे असेल तर त्याला आधी कूलरसमोर जाऊन बसावे लागेल. कुत्र्याला रंग दिसतात, पण निळा आणि पिवळा हेच त्याला ठळकपणे वेगळे ओळखता येतात. तांबडा, नारिंगी आणि हिरवा हे त्याच्या दृष्टीने साधारण एकाच पिवळट-मातकट कुटुंबातले असतात. संत्र्यांच्या शहरातल्या गुप्तहेराला पिकलेले संत्रे आणि हिरवे संत्रे रंगावरून वेगळे ओळखता येऊ नये, यात जी गंमत आहे ती टोपी आणि भिंग मिळूनही देऊ शकणार नाहीत.

पिंगळ्याचेही असेच आहे. घुबडांना डोळे खोबणीत फिरवता येत नाहीत, म्हणून ते सगळी मानच फिरवतात, आणि ती जवळजवळ २७० अंशांपर्यंत फिरते. दूरचे त्यांना उत्तम दिसते, पण अगदी चोचीखालचे धूसर दिसते. म्हणजे पिंगळा साहाय्यक म्हणून घेतला तर त्याला गल्लीच्या टोकावरचा उंदीर दिसेल, मात्र पायाखाली पडलेली चिठ्ठी वाचता येणार नाही. मांजराच्या पानावर एक विलक्षण नोंद येते, ती अशी की मांजराला गोड चव कळतच नाही, कारण गोडाची जाणीव करून देणारा जनुक त्याच्यात निकामी झालेला आहे. ही एक नोंद मिळाली आणि आपल्या कथेतला गुन्हा ठरला.

शेवटाकडून सुरुवातीकडे

रहस्यकथा वाचायची पुढून आणि रचायची मागून. आधी खरोखर काय घडले ते चार-पाच वाक्यांत, कोणतीही लपवाछपवी न करता, वेळेच्या क्रमाने लिहून काढावे. आपल्या कथेपुरते ते असे आहे. गुढीपाडव्याच्या सकाळी वाड्याच्या गच्चीवर गुढी उभारली आणि तिला केशरी रंगाची साखरेची गाठी बांधली. दुपारी सगळे घर कूलरसमोर झोपले असताना आजोबा गच्चीवर गेले. डॉक्टरांनी त्यांचे गोड बंद केले होते. त्यांनी दोऱ्याची गाठ सोडली, गाठीची पदके काढून चष्म्याच्या डबीत दडवली, रिकामा दोरा पुन्हा नीट बांधला आणि खाली येऊन आरामखुर्चीत झोपेचे सोंग घेतले. संध्याकाळी गुढी उतरवताना नुसता दोरा सापडला.

या सत्यातून पुरावे आपोआप पाझरतात, ते बाहेरून आणून चिकटवावे लागत नाहीत. डबीत गाठी असल्यामुळे आजोबांना चष्मा ठेवायला जागा नाही, म्हणून ते चष्मा लावूनच झोपले आहेत. बोटांना लागलेला केशरी रंग जिन्याच्या हिरव्या दारावर उमटला आहे. साखरेच्या वासाने मुंग्या निघाल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या वासाच्या वाटेने रांग धरून आरामखुर्चीकडे चालल्या आहेत. दोऱ्याची गाठ सुबक आहे, म्हणजे ती हातांनी बांधलेली आहे.

त्यानंतर संशयित निवडावेत. लहान मुलांच्या कथेत तीन संशयित पुरेसे होतात, कारण चौथा आला की मुले पहिल्याला विसरतात. प्रत्येक संशयिताला संशयाचे एक कारण द्यावे आणि त्याच्या निर्दोषपणाचा पुरावाही द्यावा, आणि हा पुरावा शक्यतो त्याच्या शरीरातूनच काढावा. आपली मनीमावशी दुपारी गच्चीच्या कठड्यावर दिसली होती, पण तिला गोड कळत नाही. वानरांची टोळी त्याच दुपारी शेजारच्या गच्चीवरून गेली, पण एवढे वजनदार वानर गुढीवर चढले असते तर गुढी जागेवर उभी राहिली नसती. खारीवर संशय सर्वांत दाट आहे. तिचे घरटे कडुनिंबावर आहे, तिला साखर चालते, आणि ती प्रश्नाचे उत्तर देण्याआधीच पळून जाते. मात्र खारीने दोरा कुरतडला असता, तो सोडून पुन्हा बांधला नसता. उलगड्याच्या पानावर वाचकाने "हे आपल्याला कसे सुचले नाही" असे म्हणावे. "हे आम्हाला सांगितलेच नव्हते" असे त्याने म्हटले, तर लेखकाने डाव खेळताना पत्ता लपवला असा त्याचा अर्थ होतो, आणि मुले हा गुन्हा चोरीपेक्षा मोठा मानतात.

गुन्ह्याच्या स्वरूपाबद्दल एवढेच सांगणे पुरे की या वयासाठी खून नको, अपहरणही नको. खाऊ, हरवलेली वस्तू, रात्री येणारा आवाज, बदललेली पाटी, असे विषय घ्यावेत. तान्हा पोळ्याच्या मिरवणुकीत दोघांच्या लाकडी नंदींची अदलाबदल होणे आणि मग बोजारा, म्हणजे नंदी घेऊन दारोदार जाणाऱ्या मुलांना मिळणारे पैसे-खाऊ, नक्की कोणाचा यावरून तंटा पेटणे, ही नागपूरकर मुलांना फार काही न समजावता कळणारी घटना आहे. मारबतीच्या मिरवणुकीच्या आदल्या रात्री बडग्याची, म्हणजे त्या मिरवणुकीतल्या पुतळ्याची, मिशी नाहीशी होणे हेही चालेल.

जगाचे नियम

प्राण्यांच्या कथेत दोन प्रश्न लवकर मिटवावे लागतात. पहिला असा की माणसांना प्राण्यांचे बोलणे कळते का. आपल्या कथेत ते कळत नाही, त्यामुळे आपला श्वान-गुप्तहेर भुऱ्या हवालदार याने आरोपी शोधला तरी घरच्यांना तो कसा दाखवावा ही शेवटची गमतीदार अडचण हाती येते. दुसरा प्रश्न असा की कोण कोणाला खातो. मांजर खारीची साक्ष नोंदवून घेत असेल तर मुलांच्या मनात ही शंका येतेच, आणि ती दडपण्यापेक्षा उघडपणे एक नियम करावा, तो असा की तपास चालू असेपर्यंत कोणी कोणाला खायचे नाही. या एका नियमामुळे खार तपास लांबवण्याचा प्रयत्न का करते, याचेही कारण मिळते.

पुरावा चित्रात

सचित्र पुस्तक बहुधा ३२ पानांचे असते, कारण छपाईत १६ पानांचा एक फॉर्म धरला तर दोन फॉर्ममध्ये ते पूर्ण बसते. पहिले पान शीर्षकाचे आणि दुसरे प्रकाशनाच्या तपशिलाचे धरले, तर तिसऱ्या पानावर कथा उघडते, चारपासून एकतीसपर्यंत १४ जोडपाने मिळतात आणि बत्तिसावे पान शेवटच्या चिमट्यासाठी उरते. म्हणून लेखनाला बसण्यापूर्वी एका मोठ्या कागदावर १४ लांबट चौकोन आखावेत आणि प्रत्येकात काय दिसणार ते काडीमाणसांच्या रेखाटनाने भरावे. आपल्याला चित्र येत नाही ही सबब येथे चालत नाही, कारण हे रेखाटन सुंदर दिसण्यासाठी नसून पुरावे मोजण्यासाठी असते. एका जोडपानावर ४० ते ६० शब्द पुरतात. शब्द त्याहून वाढू लागले तर लेखक चित्राचे काम स्वतः करू लागला आहे असे समजावे.

आता पुराव्यांची वाटणी करावी. मजकुरात काय येईल आणि फक्त चित्रात काय येईल, हे प्रत्येक चौकोनाखाली वेगळे लिहावे. आपल्या कथेत मुंग्यांची रांग चौथ्या पानापासून प्रत्येक चित्राच्या तळाशी चालत राहते, पण मजकुरात मुंगी हा शब्द उलगड्यापर्यंत येत नाही. आजोबांचा चष्माही मजकुरात नसतो. झोपलेल्या आजोबांच्या नाकावर तो केवळ दिसतो, आणि शेजारच्या स्टुलावर पाण्याचा तांब्या, वर्तमानपत्र आणि डबी अशा साध्या वस्तू सहज पडलेल्या असतात. मोठी माणसे मजकूर वाचून दाखवत असतात, त्यामुळे त्यांचे डोळे अक्षरांवर असतात. ऐकणाऱ्या मुलाचे डोळे मात्र चित्रावर फिरत असतात, आणि म्हणून हे पुरावे मुलाला बाबांच्या आधी सापडतात. बाबांच्या आधी आपल्याला कळले हा आनंद या प्रकारच्या पुस्तकाचा खरा खाऊ आहे आणि तो मिळावा अशीच सगळी मांडणी करावी.

पुरावा लपवण्याच्या काही रीती आहेत. तो एकटा ठेवू नये, तीन-चार निरुपद्रवी वस्तूंच्या गर्दीत ठेवावा. त्याच चित्रात दुसरीकडे काहीतरी धांदल चालू ठेवावी, म्हणजे भुऱ्या कूलरच्या टाकीत नाक बुडवत असताना आजोबांकडे नजर जरा उशिरा जाते. तो जोडपानाच्या मधल्या शिवणीत कधीच ठेवू नये, कारण तेथे तो बांधणीत गिळला जातो. महत्त्वाचा पुरावा किमान दोन चित्रांत वेगवेगळ्या कोनांतून यावा. आणि प्रश्न उजव्या पानाच्या अखेरीस विचारून उत्तर पान उलटल्यावर द्यावे, कारण पान उलटण्याचा तो क्षणभराचा अवधी लेखकाला फुकट मिळालेला असतो.

रंगाचा उपयोग येथे फार चांगला होतो. एक जोडपान भुऱ्याच्या डोळ्यांनी दाखवावे, म्हणजे सगळे चित्र निळ्या, पिवळ्या आणि मातकट छटांत असेल. दारावरचा केशरी डाग त्यात दारात मिसळून जाईल आणि भुऱ्या मोठ्या ऐटीत "येथे काहीही नाही" असे जाहीर करील. पान उलटले की तेच दार नेहमीच्या रंगांत दिसेल आणि हिरव्यावरचा केशरी डाग लखलखेल. यात गुप्तहेराची थट्टा आहे, पण ती त्याला मूर्ख ठरवत नाही. त्याला दिसतच नाही, एवढेच. मुलांच्या विनोदात हा फरक महत्त्वाचा असतो.

विनोद आणि बोली

विनोदासाठी कोट्यांवर भिस्त ठेवू नये. कोटी मोठ्यांना हसवते आणि मुलांना तिचा अर्थ विचारावा लागतो. मुलांना हसू येते ते आत्मविश्वासाने केलेल्या चुकीचे, त्याच त्या सवयीच्या पुनरावृत्तीचे आणि फार गंभीरपणे चाललेल्या क्षुल्लक गोष्टीचे. आपल्या साहाय्यक पिंगळ्याने, म्हणजे पिंगाबाईने, दर वेळी चोचीखालचा कागद वाचण्यासाठी तीन फांद्या मागे सरकावे आणि तिसऱ्या वेळी फांदीच संपावी, एवढ्यानेही काम होते. पुनरावृत्ती तीनदा करावी आणि तिसऱ्यांदा तिला वळण द्यावे.

निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवाद नागपुरी बोलीत लिहिले तर कथा जिवंत होते. नमुन्यादाखल भुऱ्याने घेतलेली ही जबानी पाहावी.

"काऊन मनीमावशी, दुपारी कठड्यावर काय करून राहिली होती?"
"मी त हवा खाऊन राहिली होती."
"अन् गाठी?"
"हवेनंच पोट भरलं ना बाप्पा, गाठी कोन खाते!"

मात्र बोली हाच विनोद करू नये. अनेक कथांत हुशार पात्र प्रमाण मराठी बोलते आणि बावळट पात्राच्या तोंडी वऱ्हाडी किंवा नागपुरी येते. ही सवय जुनी आहे आणि वाईट आहे. आपल्या कथेत सगळेच प्राणी सारखे बोलतील, अगदी आरोपीकडे पाहून शेपटी हलवणारा हवालदारसुद्धा. दुसरी काळजी अशी की नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी जोडाक्षरांची गर्दी टाळावी आणि एका वाक्यात एकच घटना ठेवावी. लांब वाक्ये आपण अशा लेखांसाठी राखून ठेवू.

पोशाखाबद्दलही थोडे सांगावेसे वाटते. कोट आणि भिंग हे साहित्य आपल्या उन्हाळ्यात कोणत्याच प्राण्याला झेपणारे नाही. भुऱ्याच्या डोक्याला ओला दुपट्टा बांधला, तर तो गुप्तहेरही दिसतो आणि नागपूरकरही दिसतो.

मुलांसमोर वाचन

कच्ची प्रत तयार झाली की रेखाटनांसह ती वस्तीतल्या किंवा शाळेतल्या मुलांना वाचून दाखवावी. ही मुले शक्यतो आपल्या नात्यातली नसावीत, कारण भाचे-पुतणे उदार असतात. उलगड्याच्या आधीच्या पानावर थांबून चोर कोण असे विचारावे आणि उत्तर कशावरून काढले हेही विचारावे. सगळ्यांनी पहिल्याच पानांत ओळखले असेल तर पुरावा फार मोठा काढला गेला आहे, आणि कोणीच ओळखले नसेल तर तो कोणाला दिसलाच नाही. काहींनी ओळखले, काहींनी खारीवरच हट्ट धरला आणि त्यांच्यात भांडण लागले, तर चित्रे पक्की करायला घ्यावीत. मुले कोणत्या पानावर इकडेतिकडे पाहू लागली तेही टिपून ठेवावे. ते पान बहुधा लेखकाच्या सर्वांत लाडक्या वर्णनाचे असते आणि ते कापावे लागते.

चित्रकार, करार आणि छपाई

चित्रे स्वतः काढणे शक्य नसेल तर चित्रकाराला मजकुरासोबत पुराव्यांची वाटणी आणि १४ चौकोनांचे रेखाटन द्यावे, पण पात्रे कशी दिसावीत हे मात्र त्याच्यावर सोडावे. नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय असल्यामुळे नवे, उत्साही चित्रकार शोधणे अवघड नाही. मुंगुसाचे पात्र असेल तर एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. मुंगुसाच्या केसांपासून केलेल्या कुंचल्यांची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि तशा कुंचल्याने मुंगूस-गुप्तहेर रंगवणे म्हणजे पुस्तकाबाहेर खरा गुन्हा करणे आहे. देशी पोपट पिंजऱ्यात पाळणेही याच कायद्याने बंद आहे, तेव्हा गुप्तहेराच्या कचेरीत शोभेसाठी पिंजरा टांगू नये. पोपट हवाच असेल तर त्याला खिडकीतून येऊ-जाऊ द्यावे.

लेखक आणि चित्रकार यांच्यातला करार, दोघे मित्र असले तरी, लेखी आणि सहीचा असावा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. मानधन एकरकमी आहे की प्रतींवर आहे आणि पुढच्या कथांत हीच पात्रे दुसऱ्या चित्रकाराला काढता येतील का, हे दोन मुद्दे मालिकेचा विचार असणाऱ्यांनी आधीच लिहून घ्यावेत.

एकदम पुस्तक काढण्याऐवजी चार-सहा पानांची छोटी कथा मासिकाला पाठवणे हा सुरुवातीचा चांगला मार्ग आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक महाजालावर वाचता येतात. कथा पाठवण्यापूर्वी काही अंक चाळून शब्दमर्यादेचा आणि चित्रांच्या जागेचा अंदाज घ्यावा. स्वतः पुस्तक छापायचे असेल तर पुस्तकाची ओळख ठरवणारा आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यामुळे त्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही.

चित्रांच्या फाइली ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या, असाव्यात आणि चारही कडांना ३ मिलिमीटर जादा रंग सोडावा. संगणकाच्या पडद्यावर झगझगीत दिसणारा नारिंगी रंग चार-रंगी छपाईत मळकट उतरतो, आणि आपला तर मुख्य पुरावाच केशरी आहे, म्हणून हिरव्या दाराच्या पानाचा नमुना ज्या कागदावर पुस्तक छापणार त्याच कागदावर काढून पाहावा. गरज पडल्यास दाराचा हिरवा अधिक गडद करावा. मजकूर एका फाँटमधून दुसऱ्यात नेताना रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, तेव्हा अंतिम प्रूफ एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून ताडून पाहावे. त्यानंतर तिसऱ्या माणसाने मजकुराकडे न पाहता फक्त मुंग्या मोजाव्यात. एखाद्या पानावर चित्रकाराकडून मुंग्या राहून गेल्या, तर ते पत्र पाठवून कळवणारा वाचक सात वर्षांचा असेल आणि त्याचेच बरोबर असेल.